उजव्या अंगानं गळाभेट

माझे दाजी, नामाजी, घरात बसलेले मी कधी पाहिलेच नव्हते. आक्काचं लग्न झालं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. तेव्हापासून दाजी म्हटलं की खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं शंभरेक मेंढरं, एवढंच मला ठाऊक. घरी आले तरी उंबऱ्याबाहेरच टेकायचे. छपराखाली जीव घाबरा होतो म्हणायचे. आक्का म्हणायची, ह्यांचं लग्न मेंढ्यांशीच लावायचं होतं, मला उगाच मध्ये आणलं.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शिवारात दाजींच्या मेंढरांना मान होता. रब्बी निघाली की शेतकरी चकरा मारायचे, नामाजी, आमच्या रानात चार दिवस मेंढ्या बसवा. मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढच्या साली हळद जोमानं येते. दाजी ऐटीत सांगायचे की देवाला फुलं वाहतात तशा जमिनीला लेंड्या वाहाव्या लागतात. लेंडी चिमटीत धरून कोणतं जनावर आजारी आहे ते ओळखणारा हा माणूस. घाण म्हणजे काय हे त्यांना माहीतच नव्हतं. मी तेव्हा गोरेगाव ते हिंगोली जीप चालवायचो. दाजी जीपमध्ये चढले की बायका नाकाला पदर लावायच्या आणि दाजी त्यांनाच विचारायचे, काहून, सर्दी झाली का? असल्या माणसाच्या वाट्याला जे आलं ते नेमकं याच बाबतीत यावं, याचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते मला विचारू नका.

अठ्ठ्याण्णव साल होतं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. दाजींना परसाकडेला रक्त पडत होतं, ते त्यांनी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध समजून झाडपाला खात राहिले. एक दिवस पोट ढोलासारखं फुगलं, तेव्हा मी त्यांना जीपमध्ये आडवं घातलं आणि नांदेड गाठलं. आतड्याच्या शेवटाला गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलं. त्यावर पिशवी चिकटवायची. जे खालून जायचं ते आता पुढून, पिशवीत.

शुद्धीवर आल्यावर दाजींनी चादर उचलून एकदा पाहिलं आणि मला विचारलं, हे किती दिवसांचं? मी म्हटलं, थोडे दिवस. ही माझी पहिली थाप.

त्या वॉर्डात पद्माबाई नावाच्या सिस्टर होत्या. बोलायला फटकळ, पण हाताला फार हलक्या. त्यांनी आक्काला समोर उभं करून सगळं शिकवलं. कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, कातडी खडखडीत कोरडी झाली की मगच पिशवी लावायची. तेल नको, पावडर नको, घरचं औषध तर मुळीच नको, नाहीतर पिशवी धरणार नाही. आक्का ते शाळेतल्या पाढ्यासारखं घोकत होती. दाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. पद्माबाई म्हणाल्या, अहो, तुमचं पोट आहे, तुम्हीच बघा. दाजींनी मान वळवली नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा धोतर गेलं. धोतराची गाठ बरोबर त्या तोंडावर यायची. मग सैल नाडीचा लेंगा आला, वर लांब सदरा. लेंग्यात मी मास्तर दिसतो, असं दाजी एकदाच म्हणाले. ती पुढच्या दोन वर्षांतली त्यांची शेवटची मस्करी. मग पार गेला, म्हणजे पारावर जाऊन बसणं गेलं. पोटावरचं ते तोंड वाटेल तेव्हा आवाज करायचं. एरवी माणूस चारचौघांत आवरून धरतो, इथं आवरायला काही ठेवलंच नव्हतं. पारावर एकदा आवाज झाला, पोरं हसली आणि दाजी उठून घरी आले ते आलेच. मेंढरं त्यांचे धाकटे भाऊ अमृतराव राखायला लागले. ज्या माणसाचा छपराखाली जीव घाबरा व्हायचा, तो गोठ्याच्या कोपऱ्यात खाट टाकून दिवसचे दिवस बसू लागला.

पिशव्या हिंगोलीत मिळत नसत. नांदेडला जाणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून मी मागवायचो. कधी यायच्या, कधी नाही. म्हणून आक्का एकच पिशवी धुऊन धुऊन चार-चारदा वापरायची. घरामागच्या काट्यांच्या कुंपणावर ती वाळत घालायची आणि कुणाला दिसू नये म्हणून वर जुनं लुगडं टाकायची. एकदा शेजारच्या शेळीनं लुगडं ओढलं आणि पिशवी तोंडात धरून गल्लीतून चालती झाली. तिच्यामागं आक्का, आक्कामागं कुत्री. मी तिथं असतो तर हसलो असतो, खोटं कशाला बोलू. पण दाजींनी ते गोठ्यातून पाहिलं आणि त्यानंतर पंधरा दिवस अंगणातसुद्धा आले नाहीत.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी खाणं तोडलं. पोटात गेलंच नाही तर बाहेर येणार नाही, हा त्यांचा हिशेब. दिवसाला एक भाकरी, तीही अर्धी ताटात ठेवायची. घरी पाहुणा यायचा असला की आदल्या दिवसापासून पाण्यावर. मी चिडायचो. ओरडून ओरडून घसा बसायचा. दाजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तू जेवून जा. छातीच्या फासळ्या मोजता येतील इतके वाळले. आक्काचे केस त्या दोन वर्षांत पिकले. एकदा चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "धुण्या-पुसण्याचं मला काही न्हाई रे उत्तम. लेकराचं केलंच की. पण हे माणूस बोलत न्हाई माझ्यासंग. त्याची लई तकलीफ व्हते." तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसता थकवा होता. रडायलाही अंगात बळ लागतं.

अशात मोहिनीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न जमवायची वेळ आली. स्थळ मीच आणलं. पुसेगावजवळचे तातेराव माझ्या जीपचे जुने गिऱ्हाईक. मुलगा कष्टाळू, घरी पन्नास मेंढरं, हळदीचं रान. तातेरावांनी विचारलं, ऐकलं की मुलीच्या वडलांना काही दुखणं आहे. मी गिअर बदलत सांगून टाकलं, अपेंडिक्स होतं, काढलं, आता ठणठणीत आहेत. खरं सांगितलं तर स्थळ हातचं जाईल ही भीती होती. आणि खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं, दाजी स्वतः लेकीसमोर ते नाव घेत नव्हते.

लग्न ठरलं आणि मग खरी पंचाईत पुढं आली. व्याह्याला आमच्याकडे ईवाई म्हणतात. वऱ्हाड गावात आलं की मारुतीच्या देवळापुढं दोघा ईवायांची भेट होते. नारळ देतात, भंडारा लावतात आणि मग गळाभेट. ही गळाभेट म्हणजे नुसतं खांद्याला खांदा लावणं नव्हे. पोटाला पोट भिडवायचं आणि एकानं दुसऱ्याला उचलायचं. जो आधी उचलेल त्याच्या बाजूचे लोक टोप्या उडवतात. तातेराव सहा फुटांचे, आणि मागच्या ईवायाला उचलून त्यांनी मारुतीला फेरी मारली होती, हे अख्ख्या तालुक्याला माहीत.

दाजी म्हणाले, भेटीला आणि कन्यादानाला अमृतला उभं करा. मी गोठ्यातच बसतो, बरं नाही म्हणून सांगा. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. पण आक्का उठून उभी राहिली. तिनं आयुष्यात दाजींना उलटून उत्तर दिलेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, "बाप जिता असून काकानं लेक देली, तर लोक तिला जलमभर इचारतील, तुझा बाप काहून आला न्हाई? ती काय सांगल? तुमी मला जवाब द्या, मी तिला सांगते." मोहिनी दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं वडलांचं जुनं धोतर फाडलं आणि पिशवी दबून बसेल असा रुंद पट्टा शिवायला घेतला, मागं बांधायच्या चार नाड्यांसकट. तेव्हा मला कळलं की पोरीला सगळं माहीत होतं आणि तिला तिचा बापच पाहिजे होता.

मग आम्ही तालीम सुरू केली. हसू नका. दर रविवारी मी गोरेगावला जायचो आणि गोठ्यामागं आम्ही दोघं ईवाई व्हायचो. मी तातेराव. ठरलं असं की दाजींनी डावं अंग मागं ठेवायचं, उजवं पुढं करायचं. डाव्या हातावर मानाची घोंगडी, चांगली जाड घडी करून, पोटाशी धरायची. मिठी पडली की घोंगडी मध्ये येईल आणि पिशवीवर जोर येणार नाही. भेट झाल्यावर तीच घोंगडी ईवायाच्या खांद्यावर टाकायची. घोंगडी दाजींच्याच मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर. मी धावत यायचो, मिठी मारायचो, उचलायचा प्रयत्न करायचो आणि दाजी उजव्या अंगानं वळायचे. पहिल्या रविवारी त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं. चौथ्या रविवारी त्यांनी मलाच कमरेला धरून इंचभर वर घेतलं. मेंढरं बघत होती. दाजी हसले नाहीत, पण खाली ठेवताना म्हणाले, तुझं वजन वाढलंय. मला वाटलं, निभावलं.

पण एक गोष्ट त्यांनी तेव्हा कुणाला सांगितली नाही. लग्न जवळ आलं तशी त्यांना धास्ती बसली होती की पिशवी गळेल, म्हणून चोरून दिवसातून दोन-दोनदा ती ओढून काढायचे आणि पुन्हा लावायचे. कातडी सोलून निघाली. आग व्हायला लागली तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्यांच्या बापानं, आज्यानं केलं होतं. लोकर कातरताना मेंढीला कात्री लागली की करडीच्या तेलात हळद कालवून थापायची. मेंढी आठ दिवसांत बरी होते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, घरभर हळदच हळद असताना, दाजींनी त्यातलीच मूठभर उचलली, तेलात कालवली आणि पोटावर त्या तोंडाभोवती लावली. आग थांबली. सकाळी पुसून त्यावर पिशवी चिकटवली आणि वरून मोहिनीचा पट्टा बांधला. औषध बरोबरच होतं, पण मेंढीच्या जखमेवर पिशवी चिकटवायची नसते.

वैशाखाचं ऊन. मारुतीपुढं वाजंत्री, दोन्हीकडची माणसं, मध्ये दाजी. नवा सदरा, डोक्याला फेटा, डाव्या हातावर घोंगडी. दोन वर्षांनी गाव त्यांना पाहत होतं. तातेराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात पसरून आले. नारळ झाले, भंडारा लागला. आणि तेवढ्यात अमृतरावांनी मानपानाची घाई केली. दाजींच्या हातातली घोंगडी काढून घेतली आणि आधीच तातेरावांच्या खांद्यावर टाकली. तालमीत अमृतराव नव्हते, त्यांचा काय दोष? मी ओरडणार होतो, पण वाजंत्रीत कोण ऐकतो.

तातेरावांनी मिठी मारली. दाजी उजव्या अंगानं वळले, शिकवलं होतं तसे. पण तातेराव म्हणजे मी नव्हे. त्यांनी समोरासमोर धरलं आणि उचललं. टोप्या उडाल्या. मला दाजींचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. पट्टा सरकला असणार, तेलावरची पिशवी सुटली असणार. तातेरावांचं हसणं मध्येच थांबलं. मग मला वास आला.

तातेरावांनी दाजींना खाली टेकवलं, पण सोडलं नाही. मिठी तशीच. एका हातानं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी ओढून दाजींना छातीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली. वैशाखाच्या उन्हात घोंगडी. लोक बघायला लागले तसे तातेराव आपल्या त्या गडगडाटी आवाजात म्हणाले की घोंगडीबिगर मेंढपाळ म्हणजे शिंगाबिगर एडका, आमच्या ईवायाला हिच्याशिवाय शोभा नाही. दोन्हीकडचे हसले. वाजंत्रीवाल्यांनी पुन्हा सूर धरला. मी जवळ पोचलो तेव्हा ते दाजींच्या कानाशी हळू बोलत होते.

"पानी कुठं हाय ईवाई? चला, मला बी धुवायचंय."

दोघं घोंगडीच्या आडोशानं, खांद्यावर हात टाकून घराकडं गेले. लोकांना वाटलं, ईवायांची फारच गट्टी जमली. घरामागं आक्का पाण्याची बादली घेऊन आली आणि तातेरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग पाहून जागीच थिजली. तातेराव तिला म्हणाले, ताई, एक जुना सदरा असंल तर द्या. मग मुलाचा बाप, सहा फुटांचा माणूस, दाजींचा ठिगळाचा सदरा घालून लग्नात उभा राहिला. बाह्या कोपरापर्यंत, बटणं लागत नव्हती. त्यांच्या बाजूच्या बायका कुजबुजल्या की इकडची ही काय रीत आहे, आणि तातेरावांनी सांगितलं, हो, रीतच आहे.

कन्यादान दाजींनी केलं. आक्कानं पिशवी नवी लावली होती, साध्या पाण्यानं धुऊन, कातडी कोरडी करून. वर घोंगडी तशीच पांघरलेली. घाम कपाळावरून गळत होता आणि मोहिनी मधूनच पदरानं तो पुसत होती.

वऱ्हाड परत निघालं तेव्हा तातेराव माझ्या जीपपाशी आले. मी टायरकडं बघत राहिलो.

"उत्तमराव," ते म्हणाले, "अपेंडिक्स लईच मोठं व्हतं म्हनायचं."

मी कबूल केलं. स्थळ मोडेल म्हणून भ्यालो, हेही सांगितलं.

"माझ्याशी खोटं बोलला, ते लागलं मला," ते म्हणाले. "सदरा काय, धुतला की निघतंय."

घोंगडी परत द्यायला गेलो तर घेतली नाही. ईवायाकडेच राहू द्या, म्हणाले, भेटायला आलो की पांघरायला मागेन.

मांडव रिकामा झाला. दाजी घरात आले, छपराखाली, आणि भिंतीला टेकून बसले. किती म्हातारे दिसत होते. पोर सासरी गेल्याचं रडू नव्हतं, लाजही दिसत नव्हती. नुसता दमलेला माणूस. मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण त्यांनीच हात करून थांबवलं.

"लई दमलो रे उत्तम. आजचा न्हाई. दोन सालाचा दमलो."

आक्का चुलीपाशी भांडी आवरत होती. दाजींनी तिला हाक मारली, सिंधू म्हणून, नावानं. मी तरी कधी ती ऐकली नव्हती. भाकर आहे का, विचारलं. लग्नाच्या धास्तीनं ते दोन दिवस पाण्यावर होते. आक्कानं ताट केलं, वरण, वांग्याची भाजी, दोन भाकरी. लग्नाचा दिवस म्हणून दोन वाढल्या, उरतील हे धरूनच. दाजी खाली बघून जेवत राहिले. पोटावरचं तोंड मध्येच कुरकुरलं, मोठ्यानं, मलाही ऐकू आलं. दाजींचा हात थांबला नाही.

दोन्ही भाकरी संपल्यावर त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि तिसरी मागितली. आक्का परातीत पीठ घ्यायला वळली आणि तिथंच बसून रडायला लागली.